लढाऊ विमानांवरील प्राणिसृष्टी

आपल्या परंपरेत देवांची आणि वीरांची ओळख त्यांच्या वाहनावरून व ध्वजावरून होत आली आहे. विष्णू हा गरुडध्वज, शंकर हा वृषभध्वज, तर महाभारतातील अर्जुन हा कपिध्वज. रणांगणावरील धुळीत रथी कोण हे दिसत नसले, तरी ध्वजावरील प्राणी पाहून सैन्याला आपला सेनानी कळत असे. आपला कोण आणि परका कोण, हे क्षणार्धात उमगणे हाच त्या ध्वजामागचा पहिला हेतू होता.

विसाव्या शतकात युद्ध जमिनीवरून आकाशात गेले, तेव्हा ही जुनी गरज नव्या रूपात पुढे आली. रथाची जागा विमानाने घेतली आणि ध्वजाची जागा विमानाच्या अंगावर रंगवलेल्या चिन्हाने. घोडा, करकोचा, शार्क, वाघ, हत्ती, गेंडा, नाग अशी एक संपूर्ण प्राणिसृष्टी गेल्या शंभर वर्षांत लष्करी विमानांवर अवतरली आहे. वरवर पाहता ही रंगकामाची हौस वाटते. मात्र तिचा इतिहास पाहिला, तर मृत्यूच्या सावलीत वावरणारी माणसे परस्परांशी कोणत्या धाग्याने बांधली जातात, याचे उत्तर त्यात सापडते.

ओळखीची निकड

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा विमान ही वस्तूच इतकी नवी होती की डोक्यावरून जाणाऱ्या कोणत्याही विमानावर खंदकातील सैनिक गोळ्या झाडीत. त्यात स्वपक्षाची विमानेही सापडत. ब्रिटिशांनी प्रथम आपला राष्ट्रध्वज विमानांवर रंगवला, पण दुरून त्यातील लाल क्रूस जर्मनांच्या क्रूसासारखा भासू लागला. तेव्हा फ्रेंचांच्या धर्तीवर एकात एक वर्तुळांचे चिन्ह स्वीकारण्यात आले. राष्ट्राची ओळख अशी निश्चित झाली. राष्ट्राच्या ओळखीबरोबरच आपल्या तुकडीची आणि आपली स्वतःची ओळख असावी, ही वैमानिकांची इच्छाही लवकरच विमानांच्या कापडी अंगावर उमटू लागली.

घोडा आणि करकोचा

इटलीचा अग्रगण्य वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का हा मूळचा घोडदळातील अधिकारी. आपल्या रेजिमेंटची आठवण म्हणून त्याने विमानावर मागील पायांवर उभा राहिलेला घोडा रंगवून घेतला. शत्रूची ३४ विमाने पाडल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. १९ जून १९१८ रोजी, युद्ध संपण्यास जेमतेम पाच महिने उरले असताना, तो मोंतेल्लो येथे कामी आला.

१९२३ साली राव्हेन्नाजवळील सॅव्हिओ येथे मोटारींची शर्यत झाली. एन्झो फेरारी नावाच्या तरुणाने ती जिंकली आणि त्या निमित्ताने त्याचा बाराक्काच्या माता-पित्यांशी परिचय झाला. ‘माझ्या मुलाचा घोडा तुमच्या मोटारीवर लावा, तो तुम्हाला शुभ ठरेल,’ अशा आशयाची सूचना त्या मातेने केल्याचे फेरारीने पुढे सांगितले. फेरारीने घोड्यामागे आपल्या मोदेना शहराचा पिवळा रंग घातला. आज जगभर वेगाचे आणि श्रीमंतीचे प्रतीक मानला जाणारा तो घोडा मुळात एका मातेने जपलेली आपल्या दिवंगत मुलाची खूण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

फ्रान्समध्ये हाच मान करकोच्याला मिळाला. १८७१च्या पराभवात फ्रान्सने अल्सास हा प्रांत जर्मनीला गमावला होता आणि करकोचा हा त्या प्रांताचा लाडका पक्षी. दरवर्षी परतून येणारा हा पक्षी विमानावर रंगवणे म्हणजे गमावलेली भूमी परत मिळवण्याची प्रतिज्ञाच होती. या तुकडीतील जॉर्ज गिनमेर याच्या नावावर ५३ विजय जमा होते. ११ सप्टेंबर १९१७ रोजी बेल्जियमच्या आकाशात गेलेला गिनमेर परत आला नाही. त्याचा देहही कधी हाती लागला नाही. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच्या विमानाला इंजिन पुरवणाऱ्या हिस्पानो-सुइझा कंपनीने युद्धानंतर आपल्या मोटारींच्या अग्रभागी उडत्या करकोच्याची मूर्ती बसवली. फ्रेंच हवाई दलात तर ‘करकोचे’ ही तुकडी शंभर वर्षांनंतरही कायम आहे. माणूस गेला, यंत्रे कालबाह्य झाली, पण प्राणी मागे राहिला. या विषयात वारंवार आढळणारे हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे.

एका जबड्याचा प्रवास

लष्करी विमानांवरील सर्वांत प्रसिद्ध चित्र कोणते, असे विचारल्यास शार्कच्या जबड्याचे नाव निःसंशय घ्यावे लागेल. विमानाच्या नाकावर तोंड रंगवण्याची उदाहरणे पहिल्या महायुद्धातही आढळतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाच्या एका तुकडीने आपल्या दोन इंजिनांच्या मेसरश्मिट विमानांवर शार्कचा जबडा रंगवला. भूमध्य समुद्राच्या परिसरात तो पाहून ब्रिटिशांच्या ११२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने १९४१ साली उत्तर आफ्रिकेत आपल्या टॉमाहॉक विमानांवर तसाच जबडा काढला. या स्क्वॉड्रनचे अधिकृत चिन्ह वास्तविक मांजराचे, पण जगाने तिला ‘शार्क’ म्हणूनच ओळखले.

त्या विमानांचे छायाचित्र एका नियतकालिकातून ब्रह्मदेशातील तौंगू येथे पोहोचले. जपानशी लढणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी क्लेअर शेनॉल्ट यांच्या नेतृत्वाखाली जमलेले अमेरिकी स्वयंसेवक वैमानिक तेथे सराव करीत होते. त्यांचे विमानही त्याच जातीचे, म्हणजे पी-४०. या विमानाच्या नाकाखाली इंजिन थंड राखण्यासाठी हवा आत घेणारे मोठे तोंड असे. निर्मात्याने ते निव्वळ तांत्रिक गरजेपोटी ठेवले होते. चित्रकाराला मात्र त्यात आयता जबडा मिळाला. दोन बाजूंना डोळे आणि तोंडाभोवती दातांच्या रांगा काढल्या की यंत्र जणू सजीव होऊन चाल करून येत आहे असे भासे.

गंमतीचा भाग असा की विमानावर शार्क असूनही या तुकडीला नाव मिळाले ‘फ्लाइंग टायगर्स’. वॉल्ट डिस्ने कंपनीच्या कलावंतांनी तिच्यासाठी विजयाच्या ‘व्ही’ अक्षरातून झेपावणारा पंखधारी वाघ काढून दिला. डिस्नेच्या कलावंतांनी युद्धकाळात विविध तुकड्यांसाठी अशी बाराशेहून अधिक चिन्हे विनामूल्य तयार केली. फ्लाइंग टायगर्सची पहिली लढाई २० डिसेंबर १९४१ रोजी चीनमधील कुनमिंगजवळ झाली आणि ४ जुलै १९४२ रोजी ही तुकडी विसर्जित झाली. अवघ्या साडेसहा महिन्यांचे हे आयुष्य, पण तिचा वारसा सांगणाऱ्या अमेरिकी विमानांच्या नाकावर तो जबडा पुढे कित्येक दशके दिसत राहिला.

जर्मनांकडून ब्रिटिशांकडे आणि तेथून अमेरिकनांकडे असा हा प्रवास झाला. परस्परांचे शत्रू असलेल्या सैन्यांनी एकमेकांचे चित्र उचलले, यात नवल नाही. भय दोन्हीकडे सारखेच होते. जबडा शत्रूला घाबरवण्यासाठी आहे असे म्हटले जाई, परंतु ताशी पाचशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या शत्रूला ते दात कितपत दिसत असतील? पहाटे विमानाकडे चालत जाणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला ते स्पष्ट दिसत आणि त्याच्या स्वतःच्या मनातील भय थोडे हलके होई. या चित्राचा खरा उपयोग तोच असावा.

आपल्या भूमीशी जोडलेल्या अशा दोन आठवणी येथे नोंदवण्याजोग्या आहेत. आसाममधील तळांवरून लढलेल्या एका अमेरिकी स्क्वॉड्रनने ‘आसाम ड्रॅगिन्स’ हे नाव घेतले आणि युद्धानंतरही ते सोडले नाही. दुसरी आठवण हैदराबाद संस्थानाची. त्या काळी मराठवाडा या संस्थानात होता. संस्थानाचे नाव धारण करणारी ब्रिटिशांची १५२ (हैदराबाद) स्क्वॉड्रन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर स्पिटफायर विमाने उडवीत होती. जपानी विमानांवर तांबडा सूर्य असल्यामुळे या आघाडीवरील ब्रिटिश विमानांच्या वर्तुळातील तांबडा रंग काढून तेथे निळ्याच्या दोन छटा ठेवण्यात आल्या होत्या. या निळ्या वर्तुळातून झेप घेणारा काळा बिबट्या १५२ स्क्वॉड्रनच्या विमानांवर दिसे. रंगाच्या एका ठिपक्यावर प्राण अवलंबून असतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

भारतीय हवाई दलाची प्राणिसृष्टी

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे चार वापिती विमानांनिशी पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. आज ‘टायगर्स’ या नावाने ओळखली जाणारी हीच ती तुकडी. फेब्रुवारी १९४२मध्ये ती ब्रह्मदेशातील त्याच तौंगूच्या धावपट्टीवर दाखल झाली. तिचे प्रमुख करुण कृष्ण मजुमदार यांना सारे ‘जंबो’ म्हणत. सैन्याला टेहळणीत साहाय्य करण्यासाठी बनवलेल्या संथ लायसँडर विमानांना बॉम्ब लावून त्यांनी जपानी तळावर हल्ला चढवला. पुढे १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांनी याच तुकडीचे नेतृत्व केले. ‘टायगर्स’ या नावामागे अशी कर्तबगारी उभी आहे.

ब्रिटिश हवाई दलात १९३६पासून स्क्वॉड्रनच्या चिन्हांना राजाची मान्यता देण्याची पद्धत सुरू झाली होती. वैमानिकांच्या लहरीतून जन्मलेल्या चित्रांना तेव्हापासून संस्थेच्या मानचिन्हाचा दर्जा मिळाला. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडील चिन्हांवरून ब्रिटिश राजमुकुट गेला आणि अशोकस्तंभावरील सिंह आले. त्या स्तंभशीर्षावरही सिंहांखाली हत्ती, घोडा, बैल आणि सिंह कोरलेले आहेत, हा योगायोग सुखद आहे.

आपल्या स्क्वॉड्रनची नावे पाहिली, तर प्राण्याची निवड बहुधा कामाला साजेशी असल्याचे लक्षात येते. दंती हत्तीचे नाव धारण करणारी ५ क्रमांकाची ‘टस्कर्स’ ही अवजड बॉम्ब वाहणारी कॅनबेरा विमाने उडवीत असे. १४ क्रमांकाची ‘बुल्स’, ९ क्रमांकाची ‘वुल्फपॅक’ म्हणजे लांडग्यांचा कळप, २९ क्रमांकाची ‘स्कॉर्पिअन्स’ आणि सुखोई-३० विमाने उडवणारी ३० क्रमांकाची ‘ऱ्हायनोज’ ही लढाऊ तुकड्यांची नावे आक्रमक आहेत. १९४२ साली पेशावर येथे उभ्या राहिलेल्या ४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने वायव्येकडील डोंगरांत आढळणाऱ्या उरियल या रानमेंढ्याचे नाव घेतले. पेशावर आता आपल्याकडे नाही, मेंढा मात्र आपल्याबरोबर आला.

मालवाहू विमानांच्या तुकड्यांची निवड तर विशेष मनोज्ञ आहे. १२ क्रमांकाची ‘याक्स’, ४८ क्रमांकाची ‘कॅमल्स’, ४३ क्रमांकाची ‘आयबेक्सेस’. याक, उंट आणि डोंगरकड्यांवर लीलया चढणारा रानबोकड! यांतला एकही शिकारी नाही. हिमालयातील चौक्यांवर शिधा, रॉकेल आणि पत्रे पोहोचवणे, आजारी जवानाला खाली आणणे हे या तुकड्यांचे काम. ओझे वाहणाऱ्या प्राण्याचे नाव अभिमानाने मिरवण्यात जी नम्रता आहे, ती कोणत्याही सुळ्यापेक्षा अधिक शोभून दिसते. विशेष मोहिमांसाठी असलेल्या ७७ क्रमांकाच्या तुकडीने ‘व्हेल्ड व्हायपर्स’ म्हणजे दडून राहणारे विषारी सर्प हे नाव घेतले आहे. तिच्या सी-१३०जे विमानाने २० ऑगस्ट २०१३ रोजी लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथील सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवरील धावपट्टीवर उतरून दाखवले.

युद्धाशी थेट संबंध नसलेले एक सुंदर उदाहरण म्हणजे ‘सारंग’. सारंग म्हणजे मोर. हवाई दलाच्या या हेलिकॉप्टर पथकाने २००४ साली सिंगापूर येथे पहिले जाहीर प्रदर्शन केले. भारतीय बनावटीच्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरच्या लाल अंगावर पथकाने आपला राष्ट्रीय पक्षी रंगवून घेतला. कार्तिकेयाचे वाहन असलेला मोर अशा रीतीने पुन्हा एकदा सेनेबरोबर निघाला.

गोव्याचे पांढरे वाघ

नौदलाची ३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन ‘व्हाइट टायगर्स’ या नावाने ओळखली जाते. जुलै १९६०मध्ये ब्रिटनमधील ब्रॉडी येथे सी हॉक विमानांनिशी ती स्थापन झाली. ४ डिसेंबर १९७१ रोजी विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उड्डाण करून तिच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या तळांवर हल्ले केले. डिसेंबर १९८३मध्ये सी हॅरियर विमाने गोव्यातील दाभोळी येथे आली आणि पांढरा वाघ त्यांच्यावर विराजमान झाला. मे २०१६मध्ये दाभोळीच्या आयएनएस हंसा तळावर सी हॅरियरना समारंभपूर्वक निरोप देण्यात आला आणि तो वाघ मिग-२९के विमानांवर गेला. तीन पिढ्यांची तीन विमाने, शेकडो वैमानिक आणि तंत्रज्ञ, पण चिन्ह एकच. गोव्यातील कित्येक कुटुंबांनी या विमानांचा आवाज वर्षानुवर्षे ऐकला आहे.

वाघांचे संमेलन

१९६१ साली ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिका या तीन देशांतील, वाघ हे चिन्ह असलेल्या तीन स्क्वॉड्रन एकत्र आल्या आणि ‘नाटो टायगर मीट’ या संमेलनाचा प्रारंभ झाला. दरवर्षी निरनिराळ्या तळांवर ही मंडळी जमतात, संयुक्त सराव करतात आणि आपली विमाने नखशिखांत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवतात. ज्या जर्मनीविरुद्ध हे देश लढले, तिच्या तुकड्या पुढे या संमेलनात आल्या. शीतयुद्धात विरुद्ध गटात असलेल्या पोलंड आणि चेक प्रजासत्ताकाच्याही आल्या. कालचे शत्रू एका प्राण्याच्या निमित्ताने एका मांडवाखाली आले, ही या चित्रकलेची मोठी कमाई म्हणावी लागेल.

रंग फिका, नाते गडद

गेल्या काही दशकांत विमानांवरील भडक चित्रे कमी झाली. शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून विमाने फिक्या राखाडी रंगात रंगवली जातात आणि स्क्वॉड्रनचे चिन्हही लहान व मंद छटांचे असते. मात्र चित्र आकुंचन पावले म्हणून त्यामागील नाते क्षीण झाले नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ साली दाखल झालेल्या या विमानाने बासष्ट वर्षे सेवा केली. आपल्या नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यातून यांपैकी शेकडो विमाने बाहेर पडली. अखेरच्या दिवशी उडालेली विमाने २३ क्रमांकाच्या ‘पँथर्स’ स्क्वॉड्रनची होती. या विमानाने विजय दिले, तसे अपघातात अनेक तरुण वैमानिकही हिरावून घेतले. त्या दिवशी तळावर जमलेल्या माजी सैनिकांच्या मनात या दोन्ही आठवणी असणार. विमान संग्रहालयात जाते, पण स्क्वॉड्रनचा क्रमांक आणि तिचा प्राणी जपून ठेवला जातो. नवे विमान आले की तो पुन्हा जागा होतो. ‘टायगरशार्क्स’ ही २२२ क्रमांकाची स्क्वॉड्रन अशीच जानेवारी २०२०मध्ये तंजावर येथे सुखोई विमानांसह नव्याने उभी राहिली.

चित्रातील आणि रानातील

शेवटी एक विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. ज्या प्राण्यांचे शौर्य आपण विमानांवर मिरवतो, त्यांचे रानात काय झाले? भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. तरीही १९७०च्या दशकापासून ‘चीता’ नावाचे हेलिकॉप्टर हिमालयाच्या शिखरांवरून उडत राहिले. जमिनीवर नसलेला चित्ता आपल्या आकाशात कित्येक वर्षे वावरत होता. २००६च्या गणनेत देशात अवघे १,४११ वाघ उरल्याचे आढळले. प्रयत्नपूर्वक संरक्षण केल्यावर २०२२च्या गणनेनुसार हा आकडा ३,६८२पर्यंत गेला.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते घेऊन एक विमान भारतात आले. ते नागरी विमान होते, पण त्याच्या नाकावर वाघाचा भव्य चेहरा रंगवलेला होता. ते उतरले ग्वाल्हेरच्या हवाई तळावर, म्हणजे ‘टायगर्स’ स्क्वॉड्रनच्या घरी. तेथून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने ते चित्ते कुनोच्या जंगलात पोहोचवले. चित्रातील प्राण्याने खऱ्या प्राण्याला घरी आणावे, असा हा दुर्मीळ प्रसंग होता.

बोधचिन्हाचे मोल आपणा बँकेतील मंडळींना वेगळे सांगायला नको. अक्षरओळख नसलेली आजीबाईदेखील पासबुकावरील चिन्ह पाहून ‘ही आपली बँक’ असे ओळखते, आणि आयुष्याची पुंजी निर्धास्तपणे आपल्या हाती सोपवते. हा विश्वास चिन्हाच्या रेखाटनात नसतो. त्या चिन्हाखाली आजवर काम केलेल्या माणसांनी तो कमावलेला असतो. विमानावरील वाघाचेही तसेच आहे. तो रंगवायला एखादा दिवस पुरतो, पण त्याचा मान राखायला पिढ्या खर्ची पडतात.